पेशीतील केरकचरा आणि त्याचा साक्षीदार

(मंडळाच्या वार्षिक संमेलनप्रसंगी लोणावळे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या संमेलनात दरवर्षी कोणा विद्वानाचे किंवा अधिकारी व्यक्तीचे व्याख्यान व्हावे असा प्रघात आहे. यंदा कार्यकारी मंडळाने ते काम मजवर सोपविले याचे मला नवल वाटले. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मावळातील प्राथमिक शाळांतून पस्तीस वर्षे मुले शिकवून निवृत्त झालेला एक साधा शिक्षक आहे. माझ्या विषयाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत वाचून कित्येकांनी मला वाटेत थांबवून विचारले, "गुरुजी, हे प्रतिपिंड म्हणजे काय, आणि त्याचा आपल्या ज्ञातीशी संबंध तो काय?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आज यथामती द्यावीत असा माझा मानस आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शेवटी येईल. तोवर आपण सबुरीने घ्यावे, ही विनंती.

माझ्या वडीलबंधूंना, दादांना, आपल्यापैकी बहुतेकजण ओळखत होते. त्यांची सारी हयात रेल्वेच्या नोकरीत गेली. मालगाड्यांचे डबे तपासणे हे त्यांचे काम. चाकावर हातोडी मारून नुसत्या नादावरून डबा धडधाकट आहे की नादुरुस्त, हे ते सांगत असत. निवृत्तीनंतर काही वर्षांनी हेच दादा बाजारातून घरी येण्याची वाट विसरले. पुढे वहिनींचे नाव विसरले, आणि अखेरीस आपण जेवलो की नाही हेही त्यांना आठवेनासे झाले.

आम्ही काय केले? सांगताना संकोच वाटतो, परंतु सांगितलेच पाहिजे. आम्ही त्यांना लपविले. "दादा गावी गेले आहेत," असे येणाऱ्याजाणाऱ्यास सांगू लागलो. घरात लग्नाच्या मुली होत्या. घराण्यात वेड आहे असा बोभाटा होईल, ही धास्ती होती. एका गृहस्थांनी 'मेंदूतील विष काढणारे औषध' म्हणून बाटल्या दिल्या. दोन वर्षे आम्ही पैसे मोजले, गुण काही आला नाही. जाणत्या डॉक्टरांकडे नेले तेव्हा बराच उशीर झाला होता. हा अल्झायमरचा रोग असावा, असे त्यांनी सांगितले. दादा गेले त्यास आता चार वर्षे झाली.

त्यांची धाकटी कन्या पुण्यास एका प्रयोगशाळेत पीएच. डी.साठी संशोधन करीत आहे. एके दिवशी मी तिच्याकडे गेलो असता तिने करंगळीच्या पेराएवढी एक कुपी मला दाखविली. तळाशी पाण्यासारखे चार थेंब होते आणि वर चिठ्ठी होती, 'केवळ संशोधनासाठी'. ती म्हणाली, "काका, बाबांसारख्या माणसांच्या मेंदूत काय साचते, ते दिसते या थेंबांमुळे." मी म्हटले, "मला समजेल अशा भाषेत सांग." तिने ते पुढे वर्षभर सांगितले आणि मी वहीत टिपून घेतले. त्या वहीचे सार आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथिन म्हटले म्हणजे आपल्याला डाळ, दूध आणि अंडी आठवतात. परंतु आपल्या देहातील प्रत्येक पेशी स्वतः हजारो प्रकारची प्रथिने घडवीत असते, आणि पेशीचे बहुतेक कामकाज त्यांच्याच हातून चालते. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या लहान घटकांची लांब साखळी. ही साखळी तयार होताच विशिष्ट घड्या घालून स्वतःला आकार देते, आणि तो आकार साधला तरच ते प्रथिन कामास येते. पागोट्याचे कापड लांबलचक असते; नीट बांधले तर ते पागोटे, नाहीतर नुसते बोचके. घडी कशी पडावी हे साखळीतील घटकांच्या क्रमातच ठरलेले असते, असे अमेरिकन शास्त्रज्ञ क्रिस्तियन अनफिन्सन यांनी दाखविले व त्यांना १९७२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु घडी प्रत्येक वेळी बरोबर पडतेच असे नाही. उष्णतेने, वयोमानाने, किंवा साखळीतील एखादा घटक चुकल्याने ती बिघडते. अंडे उकडले की त्यातील पातळ बलक घट्ट व पांढरा होतो आणि मग कितीही थंड केला तरी पूर्ववत होत नाही, हे आपण रोज पाहतो. चुकीच्या घडीची प्रथिने अशीच एकमेकांस चिकटतात आणि त्यांचे गोळे बनतात. म्हणून निसर्गाने पेशीत केर काढण्याची व्यवस्था करून ठेविली आहे.

ही व्यवस्था मला समजली ती दादांच्या नोकरीवरून. आपले हे गाव रेल्वेचे. १८६३ साली बोरघाटातून गाडी सुरू झाली, तेव्हापासून घाट उतरणाऱ्या गाड्यांची तपासणी ही येथील नित्याची बाब आहे. डबा नादुरुस्त आढळला की तपासनीस त्यावर चिठ्ठी चिकटवितो, आणि ती चिठ्ठी पाहून तो डबा गाडीतून तोडून 'सिक लाइन'वर नेतात. दुरुस्त होण्याजोगा नसेल तर तो मोडीत निघतो. पेशीतही तसेच घडते. तेथील चिठ्ठीचे नाव युबिक्विटिन. हे स्वतःच एक चिमुकले प्रथिन असून त्यात अवघे ७६ घटक असतात. तीन प्रकारची विकरे एकामागून एक काम करून ही चिठ्ठी बिघडलेल्या प्रथिनास चिकटवितात. पहिले चिठ्ठी तयार करते, दुसरे ती वाहून नेते, आणि तिसरे नेमके कोणास लावावयाची ते ओळखते. एकीवर एक अशा निदान चार चिठ्ठ्यांची माळ लागली म्हणजे ते प्रथिन मोडीत काढण्याच्या यंत्राकडे जाते. त्या यंत्रास प्रोटिआसोम म्हणतात. तो पोकळ पिंपासारखा असतो. प्रथिनाचा धागा उलगडून आत ओढतो व त्याचे तुकडे करतो. चिठ्ठ्या मात्र आत जाण्यापूर्वी सोडवून घेतल्या जातात व पुन्हा वापरल्या जातात. पेशीची ही काटकसर ऐकून दादांना खचित आनंद झाला असता.

या चिठ्ठीच्या शोधाबद्दल इस्रायलचे आरोन सिखानोवर व अव्राम हर्श्को आणि अमेरिकेचे अर्विन रोझ यांना २००४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मोठे गोळे या पिंपात मावत नाहीत. त्यांच्याकरिता पेशीत दुसरी वाट आहे. पेशी त्यांच्याभोवती पिशवी विणून त्यांना पाचकरसांनी भरलेल्या लायसोसोम नावाच्या कोठीकडे नेते. ती कोठी ख्रिस्तियान द दुव्ह यांनी १९५५ साली जगापुढे आणली, आणि पिशवी विणण्याच्या क्रियेचा उलगडा केल्याबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

आता प्रश्न असा की, हे सारे दिसले कसे? प्रथिनांना रंग नाही, आणि ती इतकी सूक्ष्म की साध्या सूक्ष्मदर्शकातून एकेकटी दिसत नाहीत. हजारो प्रकारांच्या गर्दीत चिठ्ठी लागलेले प्रथिन ओळखावे कसे? येथे आपला साक्षीदार पुढे येतो, तो म्हणजे प्रतिपिंड.

प्रतिपिंडाचा परिचय मावळच्या शेतकऱ्यास नावाने नसला तरी उपकाराने आहे. भातखाचरात नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे डसले म्हणजे इस्पितळात जे प्रतिविष टोचतात, ते प्रतिपिंडांचेच बनलेले असते. घोड्यास विषाची अगदी थोडी मात्रा हळूहळू वाढवीत टोचतात. घोड्याच्या रक्तात त्या विषास नेमके पकडणारी प्रथिने तयार होतात. ती वेगळी काढून शुद्ध करतात. रक्तजलातील ही शक्ती बेरिंग व किटासाटो यांनी १८९० साली धनुर्वात आणि घटसर्प या रोगांसंबंधी दाखवून दिली. मुंबईची हाफकिन संस्था हे प्रतिविष पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहे, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचा १९६६ साली जो आरंभ झाला, तोही घोड्यांच्या रक्तजलातून धनुर्वातावरील औषध काढण्यापासूनच.

घोड्याच्या रक्तातील प्रतिपिंडे नाना प्रकारची, सरमिसळ असतात. एकाच जातीचे, एकाच खुणेस पकडणारे प्रतिपिंड हवे तितके मिळविण्याची युक्ती जॉर्ज कोलर व सेझर मिलस्टाइन यांनी १९७५ साली केंब्रिज येथे शोधून काढली. प्रतिपिंड घडविणारी उंदराची पेशी आणि न थकता वाढणारी कर्कपेशी यांचा त्यांनी संकर केला. या युक्तीस १९८४ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. पुतणीच्या कुपीतील थेंब याच कुळातले. ते युबिक्विटिनच्या माळेस पकडते, दुसऱ्या कशास पकडू नये अशी अपेक्षा असते.

प्रयोग कसा करतात तेही मी पाहिले. पेशी फोडून त्यांतील प्रथिने जेलीच्या पातळ थरातून विजेच्या साहाय्याने आकारमानाप्रमाणे वेगळी करतात, आणि मग एका पांढऱ्या पटलावर उतरवून घेतात. ते पटल दुधाची भुकटी कालवलेल्या पाण्यात भिजवितात, म्हणजे प्रतिपिंड भलतीकडे चिकटत नाही. आमच्या घरच्यासारखीच दुधाची भुकटी तेथे पाहून मला हसू आले. नंतर प्रतिपिंड सोडतात, त्यास पकडणारे दुसरे, प्रकाश देणारे प्रतिपिंड सोडतात, आणि जेथे शोधलेली वस्तू असेल तेथे काळी रेघ उमटते. चिठ्ठ्यांचा शोध घेतला असता मात्र एक रेघ येत नाही, काजळ फासावे तसा लांब पट्टा येतो. कारण लहानमोठ्या असंख्य प्रथिनांना चिठ्ठ्या लागलेल्या असतात. प्रोटिआसोमचे काम औषधाने थांबविले तर हा पट्टा अधिकच दाट होतो. केर साचू लागला, हे त्यावरून कळते.

या साक्षीदाराने आजवर काय सांगितले, ते पाहू. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली एका स्मृती गेलेल्या स्त्रीच्या मेंदूत विचित्र गाठी व गुंते आढळल्याचे जाहीर केले. त्या गुंत्यांत काय आहे, हे पुढे कित्येक दशके नीट कळले नव्हते. १९८७ साली जपानी व अमेरिकन संशोधकांनी प्रतिपिंडांच्या आणि रासायनिक पृथक्करणाच्या मदतीने दाखविले की, त्या गुंत्यांत युबिक्विटिन आहे. दुसऱ्याच वर्षी कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूतील गोळ्यांतही तेच सापडले. म्हणजे पेशीने बिघाड ओळखला होता, चिठ्ठीही लावली होती, परंतु डबा रुळावरून हललाच नाही. पुढे एका निराळ्या स्मृतिभ्रंशात आणि स्नायू दुबळे करणाऱ्या एका दुर्धर रोगात असेच चिठ्ठ्या लागलेले गोळे आढळले, पण आतील प्रथिन कोणते ते ठाऊक नव्हते. २००६ साली अमेरिकन व जर्मन संशोधकांनी नवी प्रतिपिंडे तयार करून टीडीपी-४३ हे त्याचे नाव शोधून काढले.

या कामात आपल्याकडील माणसेही आहेत. घाट उतरून खारघरला गेले की टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संस्था लागते. तेथे प्रोटिआसोमवर संशोधन केलेल्या डॉ. प्रसन्ना वेंकटरामन यांनी पूर्वी अमेरिकेत सहकाऱ्यांसह केलेले काम २००४ साली प्रसिद्ध झाले. हंटिंग्टनच्या रोगात ज्या प्रथिनात ग्लुटामिन या एकाच घटकाची लांब माळ असते, ती माळ शुद्ध केलेल्या प्रोटिआसोमला तोडता येत नाही, असे त्यात दिसून आले. पुढे जिवंत पेशींवरील प्रयोगांत इतर संशोधकांना याहून वेगळेही आढळले. शास्त्राचे असेच चालते. एकाची साक्ष दुसऱ्याने तपासावयाची. साचलेले गोळे हे रोगाचे मूळ कारण की त्याचा परिणाम, यावरही वाद संपलेला नाही.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. साक्षीदार खोटा निघाला तर?

हा प्रश्न काल्पनिक नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत मज्जासंस्थेशी संबंधित ६५ प्रथिनांसाठी बाजारात विकली जाणारी ६१४ प्रतिपिंडे तपासली गेली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक प्रतिपिंडे एक ना एक कसोटीस उतरली नाहीत. काही तर सांगितलेल्या प्रथिनास ओळखतच नव्हती, आणि तरीही त्यांच्या आधारे निबंध छापले गेले होते. यावर उत्तम कसोटी अशी की, ज्या पेशींतून ते प्रथिन मुळातूनच काढून टाकले आहे, त्यांवर प्रतिपिंड वापरून पाहावे. तेथेही काळी रेघ उमटली, तर साक्षीदार खोटे बोलत आहे असे समजावे. घरी नसलेल्या माणसास मी घरात पाहिले, असे म्हणण्यासारखेच ते.

माझ्या पुतणीवर हाच प्रसंग आला. चिठ्ठी लावणाऱ्या एका विकरास ओळखणारे प्रतिपिंड वापरून तिने आठ महिने काम केले होते. निष्कर्ष चांगले होते, निबंध लिहून होत आला होता. तेवढ्यात तिने ही कसोटी लावली, आणि विकर नसलेल्या पेशींतही ठसठशीत रेघ उमटली. कोणी पाहिले नव्हते. तिला गप्प बसता आले असते. तिने त्याच सायंकाळी ते पटल आपल्या मार्गदर्शकांपुढे ठेविले आणि आठ महिन्यांचे काम बाजूला सारले. घरी फोन करून ती आईस एवढेच म्हणाली, "आई, पुन्हा पहिल्यापासून."

त्या वर्षी तिच्या खात्यावर एकही परीक्षा नव्हती, एकही निबंध नव्हता. आपल्या मंडळाच्या शिक्षण साहाय्यक निधीचा नियम असा आहे की, विद्यार्थ्याने वर्षभरात प्रगती दाखविली नाही तर साहाय्य बंद करावे. त्याप्रमाणे ते बंद झाले. बंधुभगिनींनो, त्या ठरावावर सही करणाऱ्या पाचजणांत मी एक होतो. मी तिचा चुलता. पक्षपात केला असे कोणी म्हणू नये म्हणून मी तिची बाजूही मांडली नाही. शिवाय खरे सांगावयाचे तर, आठ महिने वाया गेले असे मलाही तेव्हा वाटत होते. वहिनींनी आपल्या पाटल्या मोडून तिची ती दोन वर्षे निभावली. मला त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत. माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी मुलांना सांगत आलो की, उत्तर चुकले तर खोडून पुन्हा गणित करावे, लपवू नये. माझ्याच घरातील मुलीने ते केले तेव्हा मी तिला नापास केले.

म्हणून या व्यासपीठावरून कार्यकारी मंडळास माझी नम्र सूचना आहे. निधीतून वैद्यक व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना साहाय्य मिळते, ते योग्यच आहे. परंतु प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्यांसाठी नियम निराळा असावा. त्यांचे साहाय्य निदान तीन वर्षे अखंड चालावे, आणि प्रगती ठरविताना छापलेल्या निबंधांची संख्या न पाहता त्यांच्या मार्गदर्शकांचे पत्र ग्राह्य धरावे. ज्याने आपली चूक स्वतः शोधून उघड केली, त्याचे साहाय्य त्याच कारणास्तव थांबू नये. माझ्या निवृत्तिवेतनातून यंदा ११,००० रुपये या कामी मी निधीच्या कोषाध्यक्षांकडे दिले आहेत. ही रक्कम लहान आहे, हे मी जाणतो.

दुसरी गोष्ट घरोघरच्या वडीलधाऱ्यांविषयी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार आपल्या देशात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशाने पीडित आहेत, म्हणजे शंभरांत सातांहून अधिक. आपल्या ज्ञातीत ती नाहीत असे कसे होईल? ती आमच्या दादांसारखी आतल्या खोलीत आहेत. विस्मरण होऊ लागले तर प्रथम डॉक्टरांकडे न्यावे. प्रत्येक विस्मरण अल्झायमरचेच असते असे नाही. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा थायरॉइडचा विकार यांमुळेही ते होते आणि त्यांवर उपाय आहेत. अल्झायमरवर प्रतिपिंडांचीच काही औषधे अलीकडे निघाली आहेत. त्यांपैकी लेकॅनेमॅब या औषधास २०२३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. आरंभीच्या अवस्थेतील रोग्यांत अठरा महिन्यांच्या चाचणीत त्याने ऱ्हासाची गती सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली, परंतु ऱ्हास थांबला नाही. शिवाय मेंदूस सूज येणे व रक्तस्राव होणे हे धोके आहेतच. गेलेली स्मृती परत आणणारी बाटली आज जगात कोणाजवळही नाही. अशी बाटली कोणी दारी घेऊन आला, तर आमच्या घराची आठवण ठेवावी. आणि कुपीवर 'केवळ संशोधनासाठी' असे लिहिलेले असेल, तर ती औषध नव्हे, हेही लक्षात असावे.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी दिले, आणि दुसऱ्याचेही आता दिले आहे. पुतणीने नवे प्रतिपिंड घेतले, या खेपेस आधी कसोटी लावली आणि मग काम सुरू केले. गेल्या महिन्यात तिने मला नवे पटल दाखविले. जेथे विकर आहे तेथे रेघ होती. जेथे ते काढून टाकलेले आहे तेथे पटल स्वच्छ पांढरे होते. ती कोरी जागा ती मला बोटाने पुन्हा पुन्हा दाखवीत होती. दादा चाकावर हातोडी मारून कान लावीत, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव असे, तोच मला तिच्या चेहऱ्यावर दिसला.

या संमेलनास वहिनी आज चार वर्षांनी प्रथमच आल्या आहेत व मागच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांची आणि आपणा सर्वांची क्षमा मागतो.